आमच्यात कुरडया करत नाहीत! तुमच्यात काय चालत नाही?

वाळवणवाली
मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे, पण मी गंभीर आहे.

माझं माहेर फलटणच्या बाजूचं. आमच्या घराला कुरडया सोसत नाहीत. म्हणजे खायला नाही, करायला. शेजारणीने डबा भरून दिला तर आम्ही चवीने तळून खातो, दुकानातून किलोकिलोने आणतो. पण घरात त्यासाठी गहू भिजत घालायचे नाहीत, चीक काढायचा नाही. पापड, सांडगे, शेवया सगळं चालतं, फक्त कुरडई नाही.

कारण काका सांगतात. आमचे पूर्वज म्हणे शिलेदार, स्वतःचा घोडा बाळगणारे. अंगणात खाटांवर कुरडया वाळत होत्या आणि पानिपतची बातमी आली. घरातले तिघे गेले. घरातल्या बाईने सगळ्या खाटा उलथून टाकल्या आणि म्हणाली, या घरात पुन्हा कुरडई व्हायची नाही. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा यायचा. शाळेत मैत्रिणींना सांगताना मी तिघांचे पाच केले होते, हे आज कबूल करते.

आता अडचण. सासरी दर उन्हाळ्यात चार किलोच्या कुरडया होतात. आजवर सासूबाईच चीक शिजवायच्या, मी सोऱ्यालाही हात लावला नाही, कधी शाळा, कधी पाठदुखी असं करून निभावलं. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. अक्षय्य तृतीया झाली की गहू भिजणार आणि पातेल्यापाशी मी उभी राहणार. आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "तू हात लावू नकोस गं. बाकी काही कर."

माहेरचं न सोसणं लग्नानंतर आपल्या मागे येतं का? आणि तुमच्या घरी असं काय काय आहे? सगळं सांगा, पंधरा दिवस आहेत हातात.

बोरीबंदर_फास्ट
पहिला! (कुरडया घेऊन बसलोय.)

आमच्यात लाल भोपळा बाईने आधी चिरायचा नाही. पुरुषाने सुरी लावायची, मग पुढचं तिने. मी रात्री आठला घरी येतो, तोवर भोपळा ओट्यावर माझी वाट बघत बसलेला असतो. मागे मी आठवडाभर बाहेरगावी होतो तर बायकोने वॉचमनला वर बोलावून सुरी लावून घेतली. त्या बिचाऱ्याला वाटलं आत साप निघालाय.

घाटावरची_मैना
लग्नात गोत्र बदलतं म्हणतात ना? मग सोसणंही बदललं. करा बिनधास्त.

देवरुखी_काकू
मैना, इतकं सोपं नसतं ते. मी माहेरची देशस्थ, सासरी कोकणस्थ. सासरी बोडण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लग्नकार्यानंतर किंवा घरात मूल जन्मलं की बोडण भरतात. मोठ्या परातीत अन्नपूर्णा ठेवायची, चार सुवासिनी आणि एक कुमारिका भोवती बसतात, पुरणावरणाचा स्वयंपाक, दूध, दही, तूप, मध, साखर सगळं तिच्यावर घालत हातांनी कालवत राहायचं. मधून मधून कुमारिकेला विचारायचं, "काय हवं?" ती म्हणेल दही, की घाल दही. कोपरापर्यंत हात बरबटतात. शेवटी ते गाईला घालायचं.

आणि हे पुरुषांनी बघायचं नाही. दार लावून घेतात.

आमच्या यजमानांना कुळाचा केवढा अभिमान! कुलवृत्तांत पाठ. कुठल्या पिढीत कोण गुहागरहून निघाला आणि कोण बडोद्याला पोचला, झोपेतून उठवून विचारा. पण बोडणाच्या परातीत नेमकं काय चालतं ते त्यांना सत्तर वर्षांत माहीत नाही. त्यांच्या आईने सांगितलं नाही, मीही सांगणार नाही.

बोरीबंदर_फास्ट
काकू, तुम्ही आत्ता सगळ्या नेटला सांगितलंत :)

देवरुखी_काकू
ते इथे येत नाहीत.

शंकासुर
धागाकर्तीची क्षमा मागून एक शंका. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. नानासाहेब पेशव्यांना मोती गळाले, मोहरा हरवल्या असा तो सांकेतिक निरोप मिळाला तो जानेवारीच्या अखेरीस, भेलशाच्या (आजच्या विदिशेच्या) वाटेवर. आता मला सांगा, पौष-माघात कोण कुरडया घालतं? ऊन कुठलं? कुरडया चैत्र-वैशाखात.

पूर्वजांच्या गोष्टी ऐकताना माझा एक नियम आहे. आधी महिना बघायचा. पानिपत आपल्याकडे फार सोयीचं आहे, कुणाचाही पूर्वज तिथे ठेवता येतो. पूर्वज मुनीम असला तरी तो भाऊसाहेबांच्या बाजूलाच उभा असतो. ह.घ्या. (हलकेच घ्या.)

वाळवणवाली
बाप रे. हे तीस वर्षांत डोक्यातच आलं नव्हतं. काकांना विचारलं. ते चिडले, पण उत्तर दिलं: "बातमी पुण्याला आली म्हणजे आपल्या गावाला आली का? कोण गेला, कोण जिवंत आहे हे कळायला उन्हाळा उजाडला असेल."

शंकासुर
हे मात्र मान्य करायला हवं. माणसं पायी परतत होती, कित्येकांचा पत्ता लागला नाही तो नाहीच. काकांना एक गुण. पुरावा मात्र नाहीच.

पंचगंगा
आमच्याकडं पुरावा म्हणजे हेळवी. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना ठाऊक असंल. सीमाभागातून येत्यात, नंदी आणि चोपड्या घेऊन. दारात बसून घराण्याची वंशावळ म्हणत्यात, मूळ पुरुषापासनं तुमच्या थोरल्या पोरापर्यंत. नवं पोरगं जन्मलं असलं तर नाव घालून घ्यायचं, बदल्यात जोंधळं, पैसं, जमलं तर बकरं. आमच्या आज्ज्यानं एकदा रेडिओ दिलता.

लहानपणीची गोष्ट. हेळव्यानं सगळं म्हणून झालं, आज्जा खूश, मिशीवर हात. आज्जी उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "आणि माझं नाव कुटं हाय?" हेळवी हसून म्हणाला, "आज्जी, तुमचं तुमच्या म्हायेरच्या चोपडीत असंल की." आज्जी म्हणाली, "तितला हेळवी म्हणतो सासरच्या चोपडीत असंल."

जोंधळं तिनंच मापून घातलं त्याला.

देवरुखी_काकू
पंचगंगा, तुमच्या आजीला साष्टांग.

चौलचा_खवय्या
सीकेपी हजर. गौर तिखटाची! गणपती शेजारीच असतो, मग त्याच्यापुढे पडदा ओढतात आणि गौरीला मटणाचा नैवेद्य. काही घरांत चिंबोऱ्या. कोळी, आगरी आणि कोकणातल्या इतरही घरांत हे आहे, तेव्हा ही आमचीच मिरास म्हणणार नाही. मी पाच वर्षांचा असताना पडद्याआडून गणपतीला विचारलं होतं, "तुला वास येतो का?" आजीने पाठीत धपाटा घातला. देवाला वास येत असणार, एवढं त्यावरून कळलं.

अलिबाग_ते_अश्दोद
धागा वाचून राहवलं नाही, म्हणून खूप दिवसांनी मराठीत टंकतेय. चुका पोटात घाला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबांच्या आडनावातलं गाव रायगड जिल्ह्यात, आम्ही इस्राएलमध्ये. आमच्या पूर्वजांची गोष्ट अशी की गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. मेलेल्यांना तिथेच पुरलं. किनाऱ्यावर राहिलेल्यांनी तेलाचे घाणे धरले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं.

धर्माची पुस्तकं गेली, हिब्रू विसरली. पण सण राहिले, आणि सणांची नावं पार कोकणातली झाली. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दार फाळणीचा सण, कारण दिवसभर घराची दारं बंद. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पेसाखला अनाशी धाकाचा सण म्हणत, म्हणजे आंबवलेल्या रसाचं मडकं झाकून ठेवायचं. आंबवलेलं त्या दिवसांत चालत नाही हा नियम कुठल्या पोथीत आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, मडकं झाकायचं एवढं ठाऊक होतं. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाचं नाव, हसू नका, बिरड्याचा रोजा. उपास सोडायला वालाचं बिरडं!

आम्ही इथे आलो तेव्हा धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत शंका काढल्या, तुम्ही पुरते यहुदी आहात का म्हणून. आमच्या लोकांनी धरणं धरलं, आणि १९६४ साली सरकारने आम्ही सगळ्या बाबतीत यहुदीच असल्याचं मान्य केलं. माझी आजी त्या धरण्याबद्दल बोलताना म्हणायची, "मडकं झाकायला त्यांच्या आज्या आल्या होत्या का?"

अजूनही घरात काही चांगलं झालं की मलिदा करतो. पोहे, गूळ, नारळ, फळं, आणि एलियाहू हन्नबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, गाणी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, नवस फेडायला इथून माणसं जातात.

पंचगंगा यांच्या आजीसाठी: आमच्या गोष्टीत निदान बायका मोजल्या आहेत. सात. नाव मात्र चौदांपैकी एकाचंही नाही.

शंकासुर
या प्रतिसादाला मी महिना विचारणार नाही.

कावेरीकाठ
तंजावूर मराठी, मुक्काम चेन्नै. आमचं मराठी ऐकून तुम्ही हसता, आम्ही "सगळं" म्हणत नाही, "अस्की" म्हणतो. घरी डांगर पच्चडी होते, उडदाचं पीठ दह्यात कालवून. पुण्यात ते कुणाला सांगितलं तर म्हणाले, हे तर आमचं डांगर. म्हटलं, असू दे, साडेतीनशे वर्षांपूर्वी नेलं होतं, परत आणलंय.

वंशावळीचा विषय निघालाय म्हणून: सरफोजीराजे दुसरे यांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतला, १८०३ साली. मंदिर चोळांचं, भिंत तमिळ देशातली, मजकूर मराठी. लहानपणी वडील बोट धरून एकेक अक्षर वाचायला लावत. सांबार हे नाव संभाजीमहाराजांवरून पडलं ही गोष्ट मात्र आम्ही फक्त पाहुण्यांना सांगतो. स्वतः तिच्यावर विसंबत नाही.

ओझर_निफाड
सगळे छान छान लिहीत आहेत, थोडं वेगळं लिहितो.

वह्या, चोपड्या, कुलवृत्तांत, भिंती. ज्यांना तीर्थाच्या घाटावर आणि देवळात येऊच दिलं नाही त्यांची वही कोण लिहिणार? माझ्या पणजोबांच्या मागचं नाव आम्हाला माहीत नाही. ते १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते, एवढं घरात सांगतात, तिथून आमची वंशावळ सुरू होते. त्याच्या मागे जायचं तर आजी १ जानेवारीला भाकरी-ठेचा बांधून भीमा कोरेगावला जायची. विजयस्तंभावरची, शेवटी 'नाक' येणारी महार सैनिकांची नावं मला वाचून दाखवायला लावायची, तिला वाचता येत नव्हतं. प्रत्येक नावाला "हा आपला" म्हणायची. नात्याने कुणी नसेल आपला. पण तिने ठरवलं होतं.

धागा खराब करायचा हेतू नाही. अभिमान म्हटलं की मला ती आठवते, एवढंच.

वाळवणवाली
खराब कसला, उलट बरं झालं लिहिलंत.

माझे_मत_ठाम
पण पूर्वी सगळ्याच समाजांत... आणि आता तर दाखल्यासाठी जो तो मोडी कागद शोधत हिंडतोय...

व्यवस्थापक
आरक्षण, दाखले, समित्या यांवर वेगळे धागे आहेत. इथे नको. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

कुंकळ्ळीचो
गोंयचें एक. कुंकळ्ळीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात देवळं मोडली तेव्हा फातर्प्याला नेली. दर वर्षी फाल्गुन पंचमीला ती आपल्या जुन्या गावी येते, पुढे बारा सत्र्या, म्हणजे छत्र्या, बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ घराण्यांच्या. त्यांत ख्रिस्ती झालेली घराणीही आहेत. रविवारी चर्चला जाणारा माझा मित्र त्या दिवशी सत्री बघून म्हणतो, "ती आमची." आडनाव पोर्तुगीज, वांगड जुनं. गुलाल त्याच्या सदऱ्यावरही तेवढाच असतो.

वाळवणवाली
अपडेट, थोडं लांब आहे.

भाऊ बाबांच्या विधीसाठी त्र्यंबकेश्वरला गेला होता. तिथल्या गुरुजींकडे आमच्या गावाची आणि आडनावाची वही निघाली. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, दहा मिनिटांत पान समोर. आजोबांची सही बघून भाऊ तिथेच रडला. त्याने सगळ्या पानांचे फोटो पाठवले. सर्वात जुनी नोंद मोडीत आहे. कुणी वाचेल का?

बोरूबहाद्दर
व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवा. निवृत्तीनंतर मोडी वाचणं एवढाच उद्योग आहे.

बोरूबहाद्दर
वाचलं. जुन्यात जुनी नोंद शके १७९०, म्हणजे इ.स. १८६८-६९. पानिपतनंतर शंभरावर वर्षांनी. गाव, बापाचं नाव, आजाचं नाव, भाऊ, मुलगे, खाली सही. शिलेदार, बारगीर, घोडा, यातलं काही लिहिलेलं नाही. एके ठिकाणी "कुटुंबसहवर्तमान" आहे, म्हणजे बायको बरोबर होती. तिचं नाव नाही. काकांना सांभाळून सांगा.

वाळवणवाली
काकांना सांगितलं. ते म्हणाले, वही जळाली असेल, ही नवी असेल.

पण मला तेवढ्यावर राहवेना. बाबांची आत्या आहे, वय नव्वदीच्या पुढे, ऐकायला कमी येतं पण आठवण लख्ख. तिच्याकडे जाऊन आले. पानिपत म्हटल्यावर ती म्हणाली, "कसलं पानपत?"

तिने सांगितलं ते असं. तिच्या आजीच्या वेळची गोष्ट. चुलीवर मोठ्या पातेल्यात चीक शिजत होता. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात ओतला की तो घट्ट होत जातो, बुडबुडे फुटतात, आणि तो अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. आणि पोरं त्याच वेळी चुलीभोवती घोटाळत असतात, कारण गरम चीक वाटीत घालून खायला मिळणार असतो. आजीचा रांगता मुलगा पातेल्याशी गेला. दोन दिवस जगला.

त्यानंतर तिने चीक शिजवला नाही. सुना आल्या, त्यांनाही शिजवू दिला नाही. कारण कुणाला सांगितलं नाही, "आपल्यात सोसत नाही" एवढंच. शेजारणींच्या चालत, कारण त्या शेजारच्या चुलीवर झालेल्या.

मी विचारलं, मग पानिपत कुठून आलं? आत्या म्हणाली, "तुझ्या आज्याला पोरं विचारायची, काय सांगणार तो त्यांना? बापईमाणसाला असलं काही सांगता येतंय का?"

आजीचं नाव विचारलं. आत्याला आठवलं नाही. सगळे बया म्हणायचे. त्या मुलाचं नाव तर ठेवलं होतं की नाही हेही तिला माहीत नव्हतं.

देवरुखी_काकू
...

शंकासुर
मी महिना बघत बसलो, आणि पातेल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. माझी शंका मागे घेतो, म्हणजे महिन्याची नाही, त्या "ह.घ्या."ची.

अलिबाग_ते_अश्दोद
बया.

घाटावरची_मैना
तुझ्या आईला माहीत होतं का गं?

वाळवणवाली
नाही. तिला सासूने फक्त "सोसत नाही" सांगितलेलं. मी सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तरी मी नाहीच करणार." मी म्हटलं, नको करूस.

काकांना अजून सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो, त्यांना पानिपत राहू दे. मला पटतंय आणि पटतही नाही. त्र्यंबकला भावाने यंदाच्या नोंदीत आईचं, वहिनीचं, माझं आणि भाचीचं नाव घालून घेतलं. गुरुजी काही बोलले नाहीत, लिहून घेतलं. बयाचं नाव घालावं असं त्याच्या मनात होतं, पण बया हे नाव थोडंच आहे.

बोरीबंदर_फास्ट
आणि सासरच्या चार किलोंचं काय ठरलं? आम्ही पंधरा दिवस श्वास रोखून बसलोय.

वाळवणवाली
झाल्या. काल पहाटे चीक मीच शिजवला. सासूबाई खुर्चीत बसून सांगत होत्या, मीठ किती, हिंग किती, आता ओत, आता हात थांबवू नकोस. धाकट्याला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती, पातेलं खाली उतरून झाकेपर्यंत. तो दार बडवत होता, चीक हवाय म्हणून. नवरा म्हणाला, "अगं, आठ वर्षांचा आहे तो, एवढं काय?" सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे." त्यांना मी सांगितलेलं नव्हतं काही.

देवरुखी_काकू
फोटो टाक.

वाळवणवाली
गच्चीवर वाळतायत. कावळे हाकलायला बसलेय, तिथूनच टंकतेय. एका हातात काठी आहे, फोटो रात्री.